पालथं पडा आणि तेराचा पाढा म्हणा

अकोल्यात जठारपेठेत दवाखाना काढला तेव्हा मी हौसेने एक पाटी करून घेतली होती. 'प्रत्येकी पंचेचाळीस मिनिटे. कृपया वेळ पाळावी.' पांढऱ्यावर निळी अक्षरं, कोपऱ्यात छोटंसं घड्याळ. शेषरावकाका कामावर आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती भिंतीवरून गायब झाली. शोधाशोध केली तर आतल्या खोलीत सापडली, पालथी घातलेली, आणि तिच्यावर तिळाच्या तेलाची बाटली. मी जाब विचारला. काका शांतपणे म्हणाले, की तेलाचे डाग स्टुलावर पडत होते आणि ही चांगली सपाट आहे. पुढची सहा वर्षं पाटी तिथेच राहिली.

काका माझे मदतनीस होते, निदान कागदावर तरी. मी पदवीधर फिजिओथेरपिस्ट. ते अमरावतीच्या एका जुन्या आखाड्यात पहिलवानांचं अंग रगडता रगडता म्हातारे झालेले. बायको गेल्यावर सोमवार ते गुरुवार अकोल्यात मुलीकडे राहायचे आणि शुक्रवारी सकाळच्या एसटीने अमरावतीला परत जायचे, कारण शनिवारी आखाड्यातल्या मारुतीला तेल घालायचं काम दुसऱ्या कुणावर सोपवायला ते तयार नव्हते. मधल्या चार दिवसांत माझ्या वेळापत्रकाची पार वाट लागायची.

त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते अमरावतीला शिकत असताना. आमच्या एका सरांनी आम्हाला देशी पद्धत दाखवायला आखाड्यात नेलं होतं. तिथे चटईवर शंभर किलोंचा एक पहिलवान पालथा पडलेला, त्याच्या पाठीवर एका सडपातळ म्हाताऱ्याचं कोपर, आणि तो पहिलवान शाळेतल्या पोरासारखा तेराचा पाढा म्हणतोय. आम्ही मुली फिसकन हसलो. म्हाताऱ्याने कोपर न हलवता मान वर केली आणि नेमकं मलाच विचारलं, "काऊन हसली, बाई? तू म्हणून दाखव."

मी तेरा पंचे पासष्टपर्यंत गेले आणि अडकले. सगळा आखाडा हसला. तो अपमान मी अजून विसरलेले नाही.

पाढ्याची भानगड अशी होती. काकांच्या मते माणसाला दुखतं किती हे माणसाला विचारून कळत नाही. कुणी उगाच विव्हळतो, कुणी लाजेपोटी दात आवळून गप्प राहतो. म्हणून त्याला पाढा म्हणायला लावायचा. आवाज सरळ चालला की कोपर बरोबर आहे. अडखळला की दाब जास्त झाला, अंग आखडलं, आणि आखडलेल्या अंगात कितीही जोर लावला तरी हात आत उतरत नाही. बाराचा पाढा झोपेतही येतो, एकोणिसाचा कुणालाच येत नाही. तेराला थोडं डोकं लागतं, तेवढंच लागायला पाहिजे. हे सगळं त्यांनी स्वतः शोधून काढलं होतं आणि त्याचा त्यांना गर्व होता.

दवाखाना सुरू झाल्यावर लोक यायला लागले आणि मी पुस्तकाप्रमाणे खोल दाबाचा मसाज द्यायला लागले, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. आमच्या भागात मालिश झाली हे अंग ठणकल्याशिवाय कुणाला पटत नाही. टेबलावरून उठताना चेहरा पाडून म्हणायचे, "मॅडम, काही जाणवलंच नाही." मग मला काका आठवले. त्यांच्या मुलीचा पत्ता मिळवला आणि त्यांना बोलावून आणलं. वाटलं, पहिलवानांचा माणूस आहे, लोकांची हौस फिटेल.

कसलं काय. काका माझ्याहून हळू. गिऱ्हाईक पालथं पडलं की आधी दोन मिनिटं नुसता तळहात पाठीवर, तेल नाही, हालचाल नाही. एकदा मी न राहवून विचारलं की हे काय चाललंय, तर म्हणाले, "इचारून राह्यलो." कुणाला, तर मासाला, म्हणजे आतल्या स्नायूंना. मग टोपणभर तेल. जास्त तेल लावलं की हात वरच्यावर घसरतो, आतलं धरता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यानंतर आडवा हात, म्हणजे मनगटापासून कोपरापर्यंतची सगळी लांबी, जात्यावर बसल्यासारखी संथ. वरचा थर ऊबदार होऊन ढिला झाला की बोटांचे सांधे, आणि अगदी शेवटी, एखादी गाठ सापडलीच तर, कोपर. तेही सरळ रोवायचं नाही, तिरपं टेकवायचं आणि एका श्वासाला एक बोट एवढंच पुढे न्यायचं. कण्यावर नाही, गुडघ्याच्या मागे नाही, गळ्याच्या पुढच्या बाजूला नाही, पाय सुजून लाल नि गरम झाला असेल तर त्याला हातच नाही, आधी डॉक्टर. दुखणं दोन प्रकारचं, गोड आणि तिखट. गोड दुखलं तर थांबून राहायचं, तिखट दुखलं तर माघार घ्यायची. आणि जोर हाताने लावायचा नाही. पाय मागे रोवून अंगाचं वजन सोडायचं.

माझ्या पुस्तकातही जवळपास हेच होतं, मोठमोठ्या शब्दांत. पण पुस्तकाला पंचेचाळीस मिनिटांत आटपायला लावता येत होतं, काकांना नाही.

लोक वैतागायचे. एकाने तर तोंडावर विचारलं, की काकाजी, जरा जोरात दाबा ना, जेवले नाही का? काकांनी त्यालाच उलट विचारलं, "म्हशीच्या पाठीवर उभं राह्यलं तर म्हैस बरी होते का?" तो माणूस पुन्हा आला नाही. मी काकांना सांगितलं, की असं बोलू नका, माझी माणसं तुटतात. ते म्हणाले, त्याची मानही तुटली असती.

पण माझं डोकं खरं फिरायचं ते झोपेवरून. काकांच्या हाताखाली लोक झोपायचे. पाढा म्हणता म्हणता आवाज बारीक व्हायचा, मग घोरणं सुरू. काकांच्या लेखी हीच कामाची पावती होती. मास उघडलं की माणूस झोपतो, आणि अशा माणसाला उठवणं म्हणजे भाकरी टम्म फुगल्यावर तिच्यावर पाणी ओतणं. पाठीवर चादर टाकून ते बाहेर येऊन बसायचे आणि सुपारी कातरायचे. एकदा एक किराणा दुकानदार दीड तास झोपला. बाहेर चारजण ताटकळत, त्यातला एक सारखा घड्याळ माझ्या डोळ्यांसमोर नाचवतोय. मी आत-बाहेर करत होते. शेवटी काकांना म्हटलं, आता उठवा, नाहीतर मी उठवते.

"उठन तवा उठन," काका म्हणाले आणि अडकित्ता पुढे चालवला.

हे वाक्य सहा वर्षांत मी किती वेळा ऐकलं असेल देव जाणे. ते ऐकलं की माझ्या कानशिलात ठणका सुरू व्हायचा, आणि त्यावर मालिश करणाराही तोच माणूस.

पण माझी मालिश ते करायचे नाहीतच. बायकांना ते हात लावत नसत. बाईमाणूस आलं की काम माझं, आणि काका पडद्याबाहेर स्टुलावर, भिंतीकडे तोंड करून. तिथून ते पाढा ऐकायचे आणि मला हुकूम सोडायचे. गिऱ्हाइकासमोर मी 'मॅडम' आणि 'तुमी', एरवी 'बाई' आणि 'तू', पण पडद्याआडून शिकवण्याच्या भरात त्यांना याचा विसर पडायचा. एखादी प्राध्यापक बाई टेबलावर पडलेली असायची आणि बाहेरून आवाज यायचा, "बाई, घाई काऊन करून राह्यली? तिले तिखट लागलं. कोपर वर घे." ती प्राध्यापक बाई मान वळवून माझ्याकडे बघायची, की इथे डॉक्टर नक्की कोण आहे.

आणि नवल म्हणजे ते चुकायचे नाहीत. मूर्तिजापूरकडच्या चंद्रभागाबाई यायच्या, कंबर धरलेली, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. पाढा येत नाही म्हणून त्या कानकोंड्या झाल्या. काकांनी बाहेरून विचारलं, की एसटीने येता का? मग येतानाची गावं सांगा. बाई सुरू झाल्या. मूर्तिजापूर, मग मधली खेडी, कुरणखेड, बोरगाव मंजू, अकोला, पुन्हा उलटं. तिसऱ्या फेरीला कुरणखेड मागचं पुढे झालं आणि पडद्याबाहेरून लगेच आवाज आला, की डावीकडे जास्त होतंय. मी डावीकडेच होते. मला त्यांचा भयंकर राग आला, कारण माझ्या हाताखालचं मला कळलं नव्हतं आणि त्यांना भिंतीकडे तोंड करून कळलं होतं.

तेव्हापासून माझ्या मनाने एक हट्ट धरला. काका स्वतः कुणाच्या हाताखाली कधी पडत नसत. खांदा दुखो, पाठ दुखो, स्वतःच भिंतीला अंग घासायचे. आखाड्यातल्या त्यांच्या चेल्यांनीही त्यांच्या पाठीला हात लावला नव्हता. विचारलं तर म्हणायचे, "माह्या अंगाले हात लावनारा अजून यायचा हाय." मला एवढंच हवं होतं, की या माणसाने एकदा माझ्या टेबलावर पालथं पडावं. माझी पदवी चौकटीत टांगलेली होती, अकोल्यातले बरे बरे डॉक्टर माझ्याकडे माणसं पाठवत होते, आणि मला पडद्याबाहेरच्या या सुपारीवाल्याची मान्यता हवी होती. हे कबूल करायलाही मला लाज वाटायची.

पाढ्याचा घोळ मात्र व्हायचाच. एक तरुण इंजिनियर आला, त्याला तेराचा पाढा येतच नव्हता. तो जिथे अडायचा तिथे काका दाब कमी करायचे, तो पुन्हा अडायचा, काका आणखी कमी करायचे. शेवटी काकांचा हात त्याच्या पाठीवर नुसता ठेवलेला, आणि तो बिचारा घामाघूम होऊन सव्वीसात तेरा मिळवतोय. त्यानंतर काकांनी नियम केला, की पाढा आधी उभ्याने म्हणून दाखवायचा. माझ्या दवाखान्यात नवीन माणसाची पहिली तपासणी ही.

माझ्या हातून जे झालं त्यात मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. वानखडे म्हणून एक सर गणिताचे क्लास चालवतात. फळ्यावर लिहून लिहून उजवा खांदा आखडलेला, आणि परीक्षा तोंडावर. तो शुक्रवार होता, काका अमरावतीला गेलेले. सर पालथे पडताच म्हणाले, "मॅडम, जोर लावा. मी काही कापसाचा नाही." गणिताचा माणूस तो, तेरा काय, एकोणतिसाचा पाढाही घडाघडा म्हणत होता. आवाज खणखणीत, कुठे अडखळणं नाही. मला चेव आला. पडद्याबाहेर कुणी नव्हतं, मीच मालक. मी कोपर लावलं, दाबलं, आणखी दाबलं, पंचेचाळीस मिनिटांत अगदी वेळेवर त्यांना उठवलं. सर हसत हसत गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोचा फोन आला. खांद्यामागे काळंनिळं झालं होतं आणि हात वर उचलत नव्हता. आठ दिवस त्यांना खडू धरता आला नाही, ऐन परीक्षेच्या तोंडावर. मला जेवण जाईना. सोमवारी काका आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. वाटलं, बोलतील, आखाड्यातल्या शिव्या देतील. त्यांनी चप्पल परत घातली आणि मला ऑटो बोलवायला सांगितलं. सरांच्या घरी मी माफी मागायला तोंड उघडलं, तोवर काकाच पुढे होऊन हात जोडून उभे राहिले.

"चूक माही हाय, सर. म्या हिले पाढा आयकाले शिकवलं. दम आयकाले शिकवाचं राहूनच गेलं."

सर मोठ्या मनाचे, त्यांनी चहा पाजून पाठवलं. मला मात्र काकांचाच संताप आला. चूक माझी होती, ती मला माझी म्हणून भोगायची होती, तीही या माणसाने काढून घेतली. परतीच्या ऑटोत मी तोंड फिरवून बसले. काका बाहेर बघत म्हणाले, की जो हट्टी असतो तो दुखलं तरी पाढा सोडत नाही, पण दोन आकड्यांच्या मध्ये दम घ्यायचा विसरतो. तेवढंच ऐकायचं असतं.

पुढचा महिनाभर त्यांनी मला कोपर लावू दिलं नाही. माझ्या दवाखान्यात, माझ्या टेबलावर, मी तळहात ठेवून उभी. पंधरा श्वास, मग वीस, मग तीस. बायका विचारायच्या, मॅडम, सुरू कधी करणार? पडद्याबाहेरून उत्तर यायचं, "सुरू झालं." मी रोज ठरवायचे, की उद्या यांना स्पष्ट सांगायचं, आता येऊ नका. आणि रोज संध्याकाळी जाताना एखादी चंद्रभागाबाई म्हणायची, आज लय हलकं वाटून राह्यलं. मग माझं सांगणं राहून जायचं.

मग तेलाच्या बाटलीचं लक्षात आलं. काका बाटलीचं टोपण कधी घट्ट लावायचे नाहीत. नुसतं वर ठेवायचे. ती कलंडायची, पाटीवर तेल सांडायचं आणि मी करवादायचे. एक दिवस चिडून मीच टोपण आवळून ठेवलं. दुपारी आत डोकावले तर काका टोपण दातांत धरून बाटली तळहातांनी फिरवत होते. मला पाहून त्यांनी ती खाली ठेवली. मी त्यांचे हात धरून पाहिले, सहा वर्षांत पहिल्यांदा. दोन्ही अंगठ्यांचे सांधे गेलेले. वाकत नव्हते, टोपण धरण्याइतकीही पकड नव्हती. ऐन उमेदीत पहिलवानांना नुसत्या अंगठ्यांनी रगडलं होतं, रोज, वीसेक वर्षं, जोर दाखवायला. अंगठे जप, अंगठ्याने दाबू नको, असं मला दिवसातून दहा वेळा ते का सांगायचे ते तेव्हा कळलं. आता त्या दुखण्याने मनगट धरलं होतं आणि मनगटातून ते खांद्यात चढलं होतं. शर्टाची बाही चढवायला मुलीची मदत लागायची. मला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी काम थांबवायला लावलं असतं, हे त्यांना माहीत होतं.

मी तसंच केलं. भांडले, रडले, त्यांच्या मुलीला फोन केला. काका म्हणाले, या गुरुवारपर्यंत येतो, मग अमरावतीलाच राहतो, मारुतीला तेल घालायला अंगठा लागत नाही. त्यानंतर ते अकोल्याला आले नाहीत. दिवाळीच्या आत अमरावतीलाच वारले, झोपेत. त्यांच्या मुलीने कळवलं तेव्हा मी दवाखान्यात होते.

माझ्या डोळ्यांसमोर राहिला आहे तो शेवटचा गुरुवार. चार वाजले होते, पाचला वानखडे सरांची वेळ. ते पुन्हा येऊ लागले होते आणि घड्याळाला माझ्याइतकेच पक्के होते. काका आत आले, टोपी काढून खुंटीला अडकवली आणि शर्टाची बटणं सोडायला लागले. दुसरं बटण सुटेना, तेव्हा मी सोडलं.

"खांदा धरला, बाई," ते म्हणाले. "पाह्य बरं."

आणि टेबलावर पालथे पडले.

माझे हात गार पडले. ते काखेत धरून आधी गरम केले. मग तळहात ठेवला. पाठ केवढीशी होती, बरगड्या मोजता येतील अशी. खांद्यापाशी मात्र बोटभर आत दगड. मी थांबले. त्यांनी न सांगताच सुरू केलं, तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस. टोपणभर तेल घेतलं, आडवा हात फिरवत मी वरचा थर ढिला केला, मग पाय मागे रोवून कोपर. आवाज खणखणीत होता. तेरा चोक बावन्न, तेरा पंचे पासष्ट. कुठे अडखळणं नाही. पण बावन्न आणि पासष्टच्या मध्ये दम आला नव्हता. मी कोपर अर्ध्या बोटाने वर घेतलं. पुढच्या आकड्याआधी एक लांब श्वास आला.

पाढा संपला, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. तेरा साते, म्हणाले, आणि थांबले.

थांबला म्हणजे दुखलं, हे सहा वर्षं त्यांनीच माझ्या डोक्यात बसवलं होतं. मी कोपर उचललं आणि वाकून पाहिलं. गाल टेबलाला टेकलेला, तोंड जरासं उघडं, डोळे मिटलेले. श्वास लांब चालला होता. एक्याण्णव त्यांनी म्हटलंच नाही.

मी पाठीवर चादर टाकली आणि पडदा ओढून बाहेर आले. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. वानखडे सर खुर्चीत मनगटावरचं घड्याळ बघत बसले होते. म्हणाले, मॅडम, माझी पाचची वेळ, साडेसहाला बॅच आहे, आत जे कोण आहेत त्यांना किती वेळ लागेल?

मी काकांच्या स्टुलावर बसले.

"उठतील तेव्हा उठतील," मी म्हणाले.